वरचा सा

आप्पारावांचा आवाज कसा होता हे दिंद्रुडच्या शिवारात लोक अजून सांगतात, आणि सांगताना थोडं वाढवूनच सांगतात. कुणी म्हणतं, त्यांनी हाळी दिली की कालव्याचं पाणी थांबायचं. पाणीबिणी काही थांबत नव्हतं. पण कालव्याच्या अलीकडून हाळी दिली की पलीकडच्या माळावरची मेंढी चरायची थांबून मान वर करायची, एवढं मात्र खरं. ‘हुर्रऽ ये येऽ ये’ अशी काहीशी ती हाळी होती. लिहून ती कळायची नाही. धनगराची हाळी ज्याची त्याची असते. पोरगा बापाकडून घेतो, पण घेताना कुठंतरी मोडतो आणि आपली करतो. आप्पारावांनीही ती तशीच मोडून घेतली होती. दुसऱ्याच्या कळपात मेंढ्या मिसळल्या, तरी ती हाळी ऐकली की आपल्या आपण वेगळ्या व्हायच्या.

या हाळीची वाट बघणारं आणखी एक माणूस होतं, ते म्हणजे कडूबाई, आप्पारावांची बायको. आधीची लेकरं जगली नाहीत, म्हणून दृष्ट लागू नये यासाठी बापानं त्यांचं नाव कडू ठेवलं होतं, आणि त्यांची जीभ नावाला जागली होती. घर गावाबाहेर, कालव्यावरच्या लहानशा मोरीला लागून. संध्याकाळी मोरीवरून हाळी आली की कडूबाई चुलीवर तवा ठेवायच्या. मेंढ्या जाळीच्या वाघरीत कोंडून आप्पाराव हातपाय धुऊन येईपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची. ‘जेवता का?’ असं त्या घरात कुणी कधी विचारलं नाही. विचारायची वेळच आली नव्हती.

तो आवाज बिडीनं खाल्ला. आधी घोगरा झाला, मग चिरका झाला, मग एक दिवस मेंढ्यांनी हाळीला मानच वर केली नाही, तेव्हा आप्पाराव दवाखान्यात गेले. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गळ्यातली आवाजाची पेटी काढून टाकली आणि जीव वाचवला. गळ्याला खाली भोक राहिलं. श्वास आता तिथून जायचा, तिथूनच यायचा. धूळ जाऊ नये म्हणून कडूबाईंनी जुन्या धोतराच्या फडक्याची एक झडप शिवून दिली. गाव भेटायला आलं. “जीव वाचला ना, मंग आवाजाचं काय घिऊन बसलाव,” असं जो तो म्हणाला. ज्यांचे आवाज शाबूत होते, तेच सगळे असं म्हणाले.

बोलायचं तेवढं आप्पाराव ओठ हलवून बोलायचे, आणि घरच्यांना ते कळायचं. मेंढ्यांना ओठ कळत नाहीत. धाकटा भाऊ शिवशंकर बाजारातून पोलिसाच्या असते तसली शिट्टी घेऊन आला. आप्पारावांनी ती तोंडात धरून जोर लावला. गाल फुगले नाहीत, शिट्टी वाजली नाही, गळ्यावरची झडप मात्र फडफडली. वारा तोंडापर्यंत पोचतच नव्हता. म्हणजे शिट्टी गेली, पावा गेला, फुंकून वाजायचं जे जे होतं ते सगळं गेलं. मग ताट बडवून पाहिलं. मेंढ्यांना वाटलं गारा आल्या. त्या निम्म्या तुरीत घुसल्या, निम्म्या ओढ्यात उतरल्या, आणि गावातली कुत्री तेवढी जमली.

तेव्हापासून शिवशंकर बरोबर यायचा आणि हाळी द्यायचा. त्याची हाळी भावासारखी होती, पण भावाची नव्हती. मेंढ्या सावत्र आईचं ऐकावं तशा ऐकायच्या. पण शिवशंकर आणि त्याची बायको दरसाल दसऱ्यानंतर ऊस तोडायला जायचे. तोडणीच्या टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाला शब्द दिलेला.

“दसरा झाला की मी काई हितं न्हाई, भाऊ,” शिवशंकर म्हणाला. “येकल्यानं तुमच्याच्यानं मेंढरं वळत न्हाईत. मी हाय तंवर इकून टाकू. परळीचा यापारी बघून बी गेलाय.”

तो वाईट माणूस नव्हता. खरं तेच बोलत होता, म्हणून तर राग येत होता. मेंढ्या गेल्यावर आप्पारावांनी काय करायचं, हे कुणी सांगत नव्हतं. चहाच्या हॉटेलात बाकड्यावर बसायचं आणि बोलणाऱ्यांच्या तोंडाकडं बघायचं, एवढंच उरलं असतं. मेंढ्या होत्या तोवर ते मेंढ्यांचे धनी होते. त्यानंतर नुसते आजारी माणूस झाले असते. हे त्यांना कळत होतं, आणि ओठांनी सांगण्याइतकं ते सोपं नव्हतं.

अशात धनश्री सुट्टीला घरी आली. ही त्यांची लेक. बीडला नर्सिंग शिकत होती, होस्टेलवर राहत होती, आणि येताना खांद्यावर काळ्या पिशवीत एक गिटार घेऊन आली होती.

“ह्ये काय आणलं बाई वझं?” कडूबाई म्हणाल्या. “लगनाआधीच सारंगीवाल्याच्या मागं लागलीस का काय?”

“सारंगी न्हाई माय, गिटार हाय. क्लास लावलाय.”

“मंग वाजीव की एखांदं गाणं.”

धनश्रीला गाणं येत नव्हतं. क्लासमधले सर फक्त स्केल करून घ्यायचे. खालचा सा, मग रे, मग ग, असं एकेक करत वरच्या सापर्यंत जायचं आणि तसंच उतरून यायचं. बाकीच्या पोरी कंटाळून सोडून गेल्या. हिनंही सोडल्यातच जमा होतं. पण घरी बसल्या बसल्या तिनं ओट्यावर ते स्केल छेडलं, आणि दवाखान्यातून आल्यापासून कशाकडंच धड न बघणारे आप्पाराव खाटेवरून उठून तिच्याजवळ येऊन बसले. कानानं ते पक्के. कुठली मेंढी ओरडली हे न बघता सांगणारा माणूस. त्यांनी हात पुढं केला. धनश्रीनं गिटार दिली.

शिकवणं सोपं नव्हतं. उभ्या आयुष्यात लोकर कातरायची कात्री चालवून त्यांची बोटं जाड झाली होती. एक तार दाबायला जायचे आणि दोन दाबायचे. तार नुसती थडथड करायची. “दादा, पट्टीच्या वर न्हाई, पट्टीच्या जरा अलीकडं दाबा,” धनश्री बापाला सांगायची. गिटारीच्या दांडीवर त्या आडव्या लोखंडी पट्ट्या असतात, त्यांच्या मधल्या जागेत बोट दाबलं की सूर बदलतो. खालचा सा पाचव्या तारेवर, तिसऱ्या पट्टीशी. रे चौथ्या तारेवर, तिथं बोट लावायचंच नाही. असं करत करत नि येतो तो दुसऱ्या तारेवर, तोही मोकळा. आप्पारावांची बोटं सोलवटली, मग निबर झाली. हळूहळू सूर एकामागं एक ओळीनं यायला लागले.

आणि नि आला की आप्पाराव थांबायचे.

“अजून एक, दादा. वरचा सा.”

आप्पारावांनी हातांची सात बोटं दाखवली.

“सात न्हाई, आठ. आठव्यावर गेल्याबिगर स्केल पुरं होत न्हाई.”

आप्पारावांनी पुन्हा सात बोटं दाखवली आणि गिटार मांडीवर आडवी ठेवली. सूर सात. सगळी दुनिया सात सूर म्हणते. गावच्या भजनी मंडळात ते इतकी वर्षं टाळ घेऊन मागं बसले, पेटीवाल्या पंडितानंही कधी आठ म्हटलं नव्हतं. ही कालची पोर बीडहून आठवा सूर घेऊन आली. आणि शेवटचा सूर मोकळ्या तारेवर येतो, बोटाचं काम संपतं, म्हणजे गोष्ट तिथंच संपली, असा त्यांचा हिशेब. ओठ हलवून त्यांनी तो सांगितलाही.

“अवो, तो नवा सूर न्हाई. पहिलाच सा हाय, वरच्या घरातला.”

पहिलाच आहे तर पुन्हा कशाला वाजवायचा? आप्पारावांचे ओठ हलले. सरांनी ते सांगितलं नव्हतं. पण लेक बापाच्या वळणावर गेलेली. तिनं कायदाच केला. दिवसभर पाहिजे तेवढं सातावर थांबा, पण शेवटी एकदा वरचा सा लावल्याशिवाय उठायचं नाही.

तेव्हापासून गिटार माळावर जायला लागली. शिवशंकर मेंढ्यांमागं, आप्पाराव बाभळीखाली गिटार घेऊन, शेजारी धनश्री. सा रे ग म प ध नि. थांबायचं. पुन्हा सा रे ग म प ध नि. मेंढ्या सुरुवातीला बिचकल्या, मग त्यांना सवय झाली. दिवस कलला की धनश्री म्हणायची, “हां, आता पुरं करा.” मग आप्पाराव चिडून, आदळल्यासारखा वरचा सा वाजवायचे, लगेच उठायचे, काठी उचलायचे आणि घराकडं चालू लागायचे. मेंढ्याही निघायच्या. शिवशंकरला हाळी कमी द्यावी लागते, हे त्याच्याही ध्यानात आलं नाही. आपला आवाज सुधारला असंच त्याला वाटलं.

शिवाराला फुकटचा तमाशा मिळाला. पलीकडच्या रानाचे मालक बबनराव बांधावर उभे राहून म्हणायचे, “आप्पा, उंटावरून शेळ्या हाकलनारे ऐकलेते बे, पर गिटारीनं मेंढरं राखनारा तूच! आन् येवढ्या दिसात येक गानं न्हाई?” आप्पाराव त्यांच्याकडं बघून शांतपणे सा रे ग म वाजवायचे. गाणं त्यांना नकोच होतं. चढत चढत जायचं आणि सातव्यावर थांबायचं, यात त्यांचा दिवस बरा जात होता.

सुट्टी संपली. धनश्री बीडला गेली, गिटार ठेवून गेली. ती रोज संध्याकाळी फोन करायची. आता बिनआवाजाच्या माणसाला फोन म्हणजे टकल्याला कंगवा. कडूबाईंचा फोन आप्पाराव खिशात घेऊन माळावर जायचे. फोन वाजला की हिरवं बटण दाबून तो दगडावर ठेवायचे आणि स्केल वाजवायचे. सातवा सूर झाला की तिकडून धनश्री गप्प बसायची. काही म्हणायची नाही, फोनही ठेवायची नाही. मग ते वरचा सा लावायचे. “हां. जेवा टाइमावर,” एवढं म्हणून ती फोन ठेवायची, आणि ते काठी उचलायचे. लेकीशी बोलणं म्हणावं तर एवढंच होतं, पण ते त्यांनी एकही दिवस चुकवलं नाही.

दसरा झाला. शिवशंकरच्या टोळीचा ट्रक दारी यायची वेळ आली. व्यापाऱ्याला निरोप गेला. जायच्या आदल्या दिवशी शिवशंकर मुकादमाकडं गेला, तेव्हा आप्पाराव मेंढ्या घेऊन एकटेच निघाले. कडूबाई आडव्या आल्या. “येकलं कावून चाललाव? उंद्या यापाऱ्याच्या सवाधीन करायची मेंढरं, आन् आज हरवून बसताल.” आप्पारावांनी त्यांच्याकडं फक्त पाहिलं. कडूबाई बाजूला झाल्या.

दुपारपर्यंत सगळं ठीक होतं. मेंढ्या माळावर पांगल्या होत्या. काबरी नावाची म्हातारी मेंढी नेहमीसारखी पुढं होती. कळपाचं शहाणपण जे काय असतं ते तिच्या एकटीच्या डोक्यात, बाकीच्या मेंढरामागं मेंढरू. आणि बबनरावांच्या बांधाला एका जागी काट्या सरकल्या होत्या, हे काबरीनं पाहिलं.

आत ज्वारी होती. घोट्याइतकी, कोवळी, आणि पावसानं ताण दिल्यामुळं पिवळट. शिवारात लहान पोरालाही माहीत असतं की असली ज्वारी जनावरानं खाल्ली की किरळ लागतं. जनावर पोटात विष गेल्यासारखं फुगतं, पाय झाडतं आणि बघता बघता जातं. आप्पारावांनी मान वर केली तेव्हा काबरी आत होती, मागोमाग निम्मा कळप आत होता, आणि बाकीचा त्या भगदाडातून घुसत होता.

ते गिटार घेऊनच धावले. गळ्यातून श्वास घेणाऱ्या माणसाला धावता येत नाही. झडप फडफडली, छातीत धूळ गेली, खोकला आला, आणि बांध अजून लांबच होता. पलीकडून बबनराव बोंबलत होते, “आप्पाऽ, मेंढरं! आरं किरळ लागंल रं, वळीव!” बबनरावांनी ढेकळं मारली तशा मेंढ्या आणखी आत सरकल्या. आप्पारावांचं तोंड उघडलं. जुनी हाळी तोंडापर्यंत आल्यासारखी वाटली आणि गळ्याच्या भोकातून नुसता वारा होऊन गेली. मग त्यांना दुसरं काही सुचलं नाही म्हणून त्यांनी गिटार पोटाशी धरली.

सा रे ग म प ध नि.

शेतातल्या सगळ्या माना वर आल्या. एकजात सगळ्या. आप्पारावांनी ते पाहिलं आणि त्यांचे हात थांबले. नेहमीच्या जागी, सातव्यावर. मेंढ्या तोंडात ज्वारी घेऊन त्यांच्याकडं बघत उभ्या राहिल्या. कशाची तरी वाट बघत होत्या. काही झालं नाही. मग एकेक मान पुन्हा खाली गेली.

त्यांनी पुन्हा सात सूर वाजवले. पुन्हा माना वर आल्या, पुन्हा काबरी त्यांच्याकडं बघत राहिली. अगदी तशीच, जशी फोनवर धनश्री गप्प राहायची. आणि त्या क्षणी आप्पारावांना कळलं की ही काय मागते आहे.

दुसरी तार, पहिली पट्टी. बोट पट्टीच्या जरा अलीकडं दाबलं. वरचा सा बांधावरून शेतात गेला.

काबरी वळली. तोंडातलं पान तसंच लोंबत ठेवून ती भगदाडाकडं निघाली, आणि तिच्यामागं सगळी ओळ. आप्पाराव सवयीनं वळून घराच्या दिशेनं चालू लागले. मागं वळून बघायची हिंमत त्यांना नव्हती. थोड्या वेळानं खुरांचा आवाज त्यांच्या दोन्ही अंगांनी पुढं गेला.

सगळ्या आल्या नाहीत. एक कोकरू आणि त्याची आई बांधाशीच आडवी झाली. बबनराव घरून गुळाचं पाणी घेऊन धावत आले, दोघांनी मिळून पाजलं, पण उपयोग झाला नाही. कोकरू यंदाचंच होतं. आप्पाराव त्याच्यापाशी बसले. पहिल्या वेळी सातावर थांबलो नसतो तर हे उठून आलं असतं, हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. आपल्या हट्टाची त्यांना त्या दिवशी लाज वाटली, आणि ती मनातून लवकर गेली नाही. बबनराव पिकाच्या नुकसानीचं विसरून शेजारी बसले.

“गिटारीला आली बे मेंढरं,” ते इतकंच म्हणाले. “म्या डोळ्यानं बघितलं. कुनाला सांगितलं तर मला पिलेला म्हंतील.”

सांगितलं मात्र त्यांनीच, आणि आधी शिवशंकरला. शिवशंकरचा विश्वास बसेना. तेव्हा आप्पारावांनी वाघर उघडून मेंढ्या बाहेर सोडल्या, पांगू दिल्या, आणि ओट्यावर उभं राहून आठही सूर वाजवले. मेंढ्या नुकत्याच सुटल्या होत्या, तरी निमूट परत आल्या. शिवशंकरनं वाघरीचं तोंड बांधलं. मग फोन काढून तो व्यापाऱ्याला म्हणाला, “न्हाई, आता न्हाई इकायची. मालक हाय ना मेंढराला.”

सकाळी त्याच्या टोळीचा ट्रक गेला.

त्या दिवशीही आप्पाराव एकटेच गेले. बबनरावांचं रान सोडून दूरच्या माळावर गेले. संध्याकाळी दगडावर ठेवलेला फोन वाजला. धनश्रीला आईकडून सगळं कळलं होतं. “मंग, दादा?” ती म्हणाली. “सूर किती?”

आप्पारावांनी सात बोटं वर केली. तिला ती दिसणार नव्हती, तरी केली. सूर सातच, यावर ते अजूनही ठाम होते. आठवा मेंढ्यांचा. मग त्यांनी न थांबता आठही वाजवले, आणि तिकडून लेकीचं हसणं आलं.

अंधारून यायच्या आत कळप कालव्याच्या मोरीवर पोचला. आजवर गिटार माळावरच पिशवीत बंद व्हायची, मोरीवर ती कधी निघाली नव्हती. आप्पाराव थांबले. घर समोर होतं. चुलीचा धूर दिसत नव्हता. आवाज गेल्यापासून ते घरात शिरून खाटेवर बसेपर्यंत चूल पेटतच नव्हती, कारण शिवशंकरची हाळी माळावरच संपायची आणि कडूबाईंना चूल कधी पेटवावी ते कळायचं नाही. पेटवून ठेवली की उशीर व्हायचा, न पेटवली की ते येऊन बसायचे. त्यावरून त्या रोज कुरकुरायच्या, आणि आप्पारावांना ती कुरकुर भाकरीपेक्षा जास्त टोचायची. त्यांनी पिशवी सोडली, गिटार काढली आणि घराकडं तोंड करून सावकाश एकेक सूर वाजवला.

आत कडूबाई तांदूळ निवडत होत्या. पहिल्या सुरांकडं त्यांनी लक्ष दिलं नाही, गिटारीची ती किरकिर कानाला रोजची होती. नि झाला आणि त्यांचे हात थांबले. वरचा सा आला तेव्हा त्या सूप खाली ठेवून उभ्या राहिल्या. दारात जाऊन बघावं असं त्यांना वाटलं, पण बघायची गरज नव्हती. पदरानं डोळे पुसत त्या कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाल्या, “आले बाई.” आणि चूल पेटवून त्यांनी तवा ठेवला.